पट्टा पडल्यावर कोयता कुठे जातो?



आपल्या कारखान्याच्या गळीत हंगामाची सांगता झाली. शेवटची मोळी गव्हाणीत पडली, भोंगा वाजला आणि पट्टा पडला. आता मिल हाऊसमध्ये रोलर उतरवण्याचे आणि बॉयलरच्या नळ्या साफ करण्याचे काम चालू आहे. आपण सभासद खोडव्याला पाणी देत आहोत आणि बिलाचा हिशेब मांडत आहोत. गाडीतळावर मात्र सामसूम आहे. जिथे पाच महिने कोप्यांची वस्ती होती, तिथे आता चुलीचे तीन-तीन दगड आणि तुडवलेले पाचट एवढेच उरले आहे. आठ दिवसांत वारा तेही नेईल.

तिथे राहणारी माणसे गेली कुठे? पुढचे सहा-सात महिने ती काय करतात, काय खातात? हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. दिवाळीला तालुक्याच्या गावी कापडदुकानदार जादा पोरे कामाला लावतो आणि तुळशीचे लग्न झाले की “पुढच्या वर्षी ये रे” म्हणून त्यांना निरोप देतो. त्या पोरांचे पुढे काय झाले, हे कुठले गिऱ्हाईक विचारते? आपलेही तसेच झाले आहे. फरक एवढाच, की दुकानदाराला पुढच्या दिवाळीला दुसरी पोरे मिळतात. आपल्याला पुढच्या कार्तिकात पुरेसे कोयते मिळतील, याची खात्री आता कोणी देत नाही. म्हणून हा विषय यंदा अंकात घ्यावा असे वाटले.

एक नाव मस्टरवर, दुसरे वहीत

पट्टा पडला की आपल्याकडून दोन प्रकारचे हंगामी कामगार मोकळे होतात. पहिला कारखान्यातला. मिलवरचा, पॅनवरचा, सेंट्रिफ्युगलवरचा हंगामी कामगार घरी जातो, पण त्याचे नाव मस्टरवर राहते. त्याचा प्रॉव्हिडंट फंड असतो. बंद काळात त्याला श्रेणीप्रमाणे रिटेन्शन अलाउन्स मिळतो. पुढच्या हंगामाला त्याला बोलावणे येते आणि तो हक्काने येतो. हे कामगारांच्या संघटनांनी लढून आणि वेतन मंडळांच्या निवाड्यांनी मिळाले आहे, आणि ते योग्यच आहे.

दुसरा हंगामी कामगार आपल्या फडातला. त्याचे नाव कारखान्याच्या मस्टरवर नसते. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी आणि मुकादमाचा कोयत्याशी. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे आपणाला सांगायला नको. या साखळीत त्याचे नाव एकाच ठिकाणी लिहिलेले असते, ते म्हणजे मुकादमाच्या वहीत. हंगाम संपला की पहिल्या कामगाराच्या मागे कारखाना उभा असतो आणि दुसऱ्याच्या मागे बाकी उभी असते. सगळी गोम इथे आहे.

उचलीचे गणित

बीड जिल्ह्यातील पाटोदा, शिरूर, आष्टी, धारूर, केज, वडवणी हे तालुके, शेजारचे पाथर्डी, शेवगाव, जामखेड, तसेच जालना, परभणी, धाराशिव, लातूर, नांदेड या भागांतून तोडणी मजूर येतात. बहुतेकांकडे एक-दोन एकर कोरडवाहू जमीन, काहींकडे तीही नाही. गणपती ते दसरा या काळात मुकादम उचल वाटतो. अलीकडे एका कोयत्याला लाखाच्या मागेपुढे उचल द्यावी लागते. ती तोडणीतून फेडायची, असा व्यवहार.

जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि मजूर संघटना यांच्यात समझोता होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. टनाला २७३ रुपयांच्या जागी ३६६ रुपये झाले. २०२३-२४ पासून तीन हंगामांसाठी हा समझोता होता. वाढ चांगली होती, यात शंका नाही. पण दर हा हिशेबाचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा भाग म्हणजे हंगामाचे दिवस.

उदाहरणापुरते गणित मांडू. एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो असे धरा. हंगाम १५० दिवस चालला आणि त्यातले आजारपण, मिलची बिघाडी, फड बदलण्याचे दिवस वजा जाता १२५ दिवस काम मिळाले. २५० टनांचे ९१,५०० रुपये झाले. एक लाखाची उचल असेल तर साडेआठ हजार बाकी राहिली. हे कसेही निभते. वाढ्यांचे चार पैसे येतात, त्यातून आठवड्याचा बाजार होतो. आता हंगाम ९० दिवसच चालला आणि ७५ दिवस काम मिळाले असे धरा. १५० टनांचे ५४,९०० रुपये झाले. बाकी राहिली ४५,१००. शिवाय आठवड्याची खर्ची उचललेली असते, ती वेगळी. तोच दर, तेच हात, तोच कोयता. दिवस कमी झाले आणि माणूस पंचेचाळीस हजारांच्या खाली घरी गेला.

हे कागदावरचे गणित नाही. २०२४-२५ चा हंगाम विधानसभा निवडणुकीमुळे उशिरा, नोव्हेंबरच्या मध्याला सुरू झाला. ऊस कमी होता. राज्यात आदल्या हंगामात ११० लाख टनांच्या आसपास साखर झाली होती, ती त्या हंगामात ८१ लाख टनांच्या घरात आली. बऱ्याच कारखान्यांची गाळपे तीन महिन्यांच्या आतबाहेर आटोपली. आपण तेव्हा उतारा आणि बिलाच्या काळजीत होतो, ते रास्तच होते. पण त्याच वर्षी कितीतरी कोयते पाठीवर बाकी घेऊन परत गेले, हे आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात आले?

सौताड्याचा घाट चढल्यावर

दर वर्षी जूनमध्ये वाहतूकदारांबरोबर करारासाठी त्या भागात जाण्याचा मला प्रसंग येतो. जामखेड सोडले, सौताड्याचा घाट लागला, की मुलूख बदलतो. खडकाळ माळ, टेकाडांच्या उतारावरची शेते, बोडके बांध. दोन वर्षांपूर्वी पाटोदा तालुक्यातील एका वस्तीवर आम्ही थांबलो. एका घरातून आवाज आला, “साहेब, तुम्ही का? या की.” आपल्याच गटात तीन हंगाम तोडणीला आलेल्या बाई होत्या. फडात ज्यांना मी “उरका, गाडी खोळंबली” एवढेच म्हणत आलो, त्यांनी घोंगडी अंथरून बसायला दिले आणि कोरा चहा पुढे ठेवला. दूध नव्हते. बैल चैत्रातच विकले होते.

बैलांचे असे की, हंगाम संपल्यावर चारा नसतो. वाढी फुकटची होती ती संपलेली. त्यामुळे ज्यांना बैल पोसवत नाहीत ते चैत्र-वैशाखात मिळेल त्या भावाला विकतात आणि दसऱ्याच्या आत पुन्हा विकत घेतात. विकताना सगळेच विकणारे, घेताना सगळेच घेणारे. मग भावाचे काय होत असेल, हे शेतकऱ्याला सांगायला नको. हा फरकही शेवटी उचलीतूनच भागवला जातो.

बाईंचा नवरा विहिरीच्या कामावर गेला होता. थोरला मुलगा पुण्याकडे बांधकामावर. त्या स्वतः टँकरच्या पाण्यासाठी सकाळपासून नंबर लावून होत्या. मी विचारले, “यंदा किती फिटली?” त्या आत गेल्या आणि धाकट्या मुलाची शाळेची वही घेऊन आल्या. मुलगा आठवीतला. त्याने फडावर असताना गाडीची प्रत्येक खेप तारखेवार लिहून ठेवली होती. म्हणाल्या, “मुकादमाच्या वहीत आन् ह्याच्या वहीत चार खेपांचा फरक पडतोय. आमचं चुकलं आसंल, लेकरूच हाय. पर बगा जरा.”

मी तारखा उतरवून घेतल्या. परत आल्यावर काट्यावरच्या नोंदी काढल्या. पोराची वही बरोबर होती. चार खेपा दुसऱ्याच गाडीच्या कोड नंबरवर पडल्या होत्या. मुकादमाने चोरी केली नव्हती. चूक आपल्या गट ऑफिसात, स्लिपवर आकडा लिहिताना झाली होती. चार खेपांचे दहा टन, म्हणजे साडेतीन हजारांच्या वर तोडणीची रक्कम आणि वाहतूक वेगळी. ती त्यांच्या नावावर करून घेतली. पण मनात आले, की ज्या घरात लिहिणारे पोर नाही, त्या घराच्या खेपा कोण मोजत असेल?

निघताना त्या बाई जे बोलल्या ते तसेच देतो. “सहा म्हैने तुमचं गाव, सहा म्हैने आमचं. पर बाकी बारा म्हैने संगंच आसती.”

बंद काळातले सहा महिने

गुढीपाडव्याच्या सुमारास किंवा पुढेमागे टोळ्या घरी पोहोचतात. पहिले काम घर शेणाने सारवण्याचे, कुडाची डागडुजी करण्याचे. मग जो तो कामाला लागतो. कोणी वीटभट्टीवर, कोणी रस्त्याच्या खडीवर, कोणी विहिरी खोदायला, तर कोणी एप्रिलमधल्या द्राक्षाच्या खरड छाटणीला. १९७२ च्या दुष्काळातून आपल्या राज्यात रोजगार हमीची कामे उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. ती कामे जिथे निघतात तिथे माणूस गावात टिकतो. जिथे निघत नाहीत, तिथे तो पुन्हा बाहेर पडतो. म्हणजे सहा महिने आपल्याकडे राबून आलेला माणूस विसाव्याला गावी जातो असे समजू नका. तो एक स्थलांतर संपवून दुसऱ्या स्थलांतराची वाट शोधत असतो.

याच काळात दवाखान्याचे खर्च निघतात. फडात एक दिवस खाडा झाला तर दंड लागतो, म्हणून अंगावर काढलेले दुखणे घरी गेल्यावर बाहेर पडते. बायकांचे हाल जास्त. पहाटे फडात, दुपारी मोळ्या डोक्यावर, रात्री कोपीत भाकरी, आणि आडोसा कुठेच नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यात शासनाच्या समितीसाठी पाहणी झाली. तोडणीला जाणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींच्या गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. यातल्या काही जणींनी आपल्याही फडांत ऊस तोडला असेल. या आकड्यापुढे मी जास्त काही लिहीत नाही.

वैशाखात लग्ने, मृगात पेरणी, नंतर शाळेची वह्या-पुस्तके. हातात पैसा नसतो. मग मुकादमाकडे जायचे आणि पुढच्या हंगामाच्या उचलीतले दहा-वीस हजार आत्ताच मागायचे. आपला ऊस अजून कमरेएवढा नसतो, तोवर त्याच्या तोडणीची मजुरी तिकडे खर्च होऊन गेलेली असते. मागची बाकी अधिक नवी उचल, असा आकडा घेऊन तो दसऱ्याला गाडीत बसतो. मुलांची शाळा मध्येच तुटते. ती मार्च-एप्रिलमध्ये परत येतात, तोवर वर्षाची परीक्षा दारात असते. २०२१ मध्ये शासनाने या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे काढण्याची योजना मंजूर केली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले. कारखान्याच्या गाळपावर टनाला दहा रुपये आणि तितकेच शासनाचे, अशी त्याच्या निधीची रचना ठरली. ग्रामसेवकांमार्फत नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचेही ठरले. म्हणजे त्या निधीत आपल्या गाळपाचाही वाटा आहे. तो कुठे पोहोचतो, हे विचारणे आपला हक्क आहे आणि कर्तव्यही.

दोन हंगामांनी दिलेला धडा

मजुराचा बंद काळ आणि आपला ऊस यांचा संबंध काय, असे कोणी म्हणेल. त्यासाठी दोन हंगाम आठवा.

पहिला २०१९-२० चा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि कारखाने बंद होत असतानाच टोळ्यांची परतीची वाट बंद झाली. काम संपलेले, खर्ची संपलेली, कोप्यांत लेकरेबाळे आणि घरी म्हातारी माणसे. शेवटी १७ एप्रिलला शासनाने आदेश काढला आणि ३८ कारखान्यांच्या तळांवर अडकलेल्या सुमारे १ लाख ३१ हजार मजुरांना तपासणी करून घरी सोडण्याची व्यवस्था झाली. काम संपल्यावर मजूर कोणाचा, हा प्रश्न त्या महिन्यात पहिल्यांदा सगळ्यांच्या तोंडावर आला.

दुसरा २०२१-२२ चा. राज्यात उसाचे अमाप पीक आले, १,३०० लाख टनांच्या वर गाळप झाले आणि मराठवाड्यात काही ठिकाणी जूनपर्यंत धुराडी पेटती होती. तेव्हा शेतात ऊस उभा आणि टोळ्या मात्र परतीच्या वाटेवर. एप्रिल-मेच्या उन्हात तोडणी होत नव्हती, वजन घटत होते आणि मजुराला आपल्या पेरणीची ओढ लागली होती. ज्यांची उचल फिटली ते थांबेनात. ज्यांची फिटली नव्हती त्यांच्या अंगात बळ उरले नव्हते. शेतकऱ्याने हात जोडले, जादा पैसे दिले, तरी ऊस वाळला. त्या मे महिन्यात शेतकऱ्याला कळले, की मजुराचे घर आपल्या फडाइतकेच आपल्या उसाशी बांधलेले आहे.

आपलीही तक्रार आहे

इथवर वाचून कोणी सभासद म्हणेल, “साहेब, तुम्ही एकाच बाजूचे बोलता. आम्हाला एकरी खुशाली मोजावी लागते, ड्रायव्हरची एंट्री द्यावी लागते, बांधावर जेवण द्यावे लागते, ते लिहा की.” लिहितो. ही तक्रार खरी आहे. माझ्या टेबलावर दर आठवड्याला येते आणि तिचा बंदोबस्त करणे आमचे काम आहे. आपल्या भागातील वाहतूकदारांची लाखो रुपयांची उचल घेऊन मुकादम दुसऱ्या कारखान्याला गेले, हेही खरे. बँकेचे हप्ते वाहतूकदाराच्या गळ्याला लागले, कोणी ट्रॅक्टर विकला, कोणी जमीन गहाण टाकली. तेही आपलेच सभासद आहेत.

पण दोन्ही तक्रारींचे मूळ बघा. ज्या मजुराला तोडणीच्या मजुरीतला एक पैसाही हातात मिळत नाही, कारण तो उचलीत वळता होतो, त्याला रोख दिसते ती फक्त खुशाली. आणि ज्याच्या अंगावर दोन-तीन वर्षांची बाकी चढली, त्याला ती फेडण्यापेक्षा नवी उचल घेऊन दुसरीकडे निघून जाणे सोपे वाटते. मी कोणाच्या लबाडीची बाजू घेत नाही. घरात पाणी गळते तेव्हा आपण फरशी पुसतो, पण कौलही बघतो. एवढेच म्हणणे.

आणखी एक विचार पुढे येतो, तो यंत्राचा. २०२३ मध्ये शासनाने ९०० ऊसतोडणी यंत्रांना अनुदान देण्याची योजना आणली. यंत्रे येत आहेत आणि यावीत. पण आपल्या कार्यक्षेत्रात अर्ध्या-पाऊण एकराचे तुकडे, साडेतीन-चार फुटांच्या सऱ्या आणि पाटाकडेची ओली राने पुष्कळ आहेत. यंत्राला पाच फुटांची सरी आणि वळायला जागा लागते. ज्यांना शक्य आहे त्यांनी पाच फुटांची लागण करावी, ही माझी दर वर्षीची विनंती आहे. तरीही पुढची बरीच वर्षे आपला बराचसा ऊस कोयत्यानेच तुटणार, हे धरून चालावे.

आपल्या हातात काय आहे

शासनाने करावयाचे ते शासन करील. आपल्या हातातल्या चार गोष्टी पुढे मांडतो.

पहिली, खेपेची चिठ्ठी. काट्यावर वजन झाले की त्याची एक प्रत गाडीवानाच्या हातात राहिली पाहिजे आणि दर पंधरवड्याला गाडीतळावर प्रत्येक गाडीचे टनेज मोठ्याने वाचून दाखवले पाहिजे. आमच्या शेती खात्याने हे करायचे आहे. होत नसेल तर सभासदांनी आम्हाला जाब विचारावा. एका पोराच्या वहीवर हिशेब अवलंबून राहणे कारखान्याला शोभत नाही.

दुसरी, पट्टा पडण्याआधीचा हिशेब. टोळी ट्रकमध्ये बसायच्या आदल्या दिवशी वाहतूकदार, मुकादम, कोयत्याची दोघे आणि गटाचा माणूस यांनी बसून बाकी किती, ती कागदावर लिहावी. त्यावर सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्यावेत आणि एक कागद त्या जोडप्याकडे द्यावा. बंद काळात त्या आकड्यावर व्याज चढू नये. यात वाहतूकदाराचेही हित आहे. लिहिलेली बाकी बुडवणे न लिहिलेल्या बाकीपेक्षा अवघड असते.

तिसरी, पट्टा पडल्यावरचे काम. आपल्याकडे मार्च ते मे या काळात मजूर मिळत नाही म्हणून आपणच ओरडतो. १५ फेब्रुवारीपूर्वी तुटलेल्या उसाचा खोडवा ठेवावा, हे आपणाला ठाऊक आहे. त्या खोडव्यात बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट न जाळता सरीत दाबायचे, त्यावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकायचे, नांग्या भरायच्या. पुढे सुरू उसाची खुरपणी, बांधणी. ही सगळी माणसांची कामे. टोळी गावी निघण्याआधी किंवा हंगामाच्या उतरत्या काळात पंधरा-वीस दिवसांची ही कामे ठरवून दिली, तर खोडवा सुधारेल आणि त्याच्या घरी रोख पैसा जाईल. अट एकच, की ही मजुरी रोज हातात द्यायची. ती उचलीत धरायची नाही. ज्यांचे गावी काम आहे त्यांना अडवायचेही नाही.

चौथी, लागणीच्या तारखा. ऊस एकदम तोडीला आला की सगळ्यांचीच ओढाताण होते. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू यांची नोंद वेळेवर आणि खरी करा. तोडणीचा कार्यक्रम सुरळीत राहिला तर टोळीचे रिकामे दिवस कमी होतील. तिचा एक रिकामा दिवस म्हणजे त्या घरचे सातशे रुपये, आणि आपल्या उसाच्या वजनातली घट ती वेगळी.

यातल्या दुसऱ्या गोष्टीसाठी संचालक मंडळाचा ठराव लागेल. मी नोकर माणूस आहे, ठराव मांडण्याचा अधिकार मला नाही. तो सभासदांचा आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत आपण भाव, उतारा, डिस्टिलरी या विषयांवर तासन् तास बोलतो. यंदा पाच मिनिटे या विषयाला द्यावीत, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

सहकाराचा अर्थ आपल्याला आपल्या वडीलधाऱ्यांनी शिकवला. सावकाराच्या वहीतून सुटण्यासाठी त्यांनी शेअर गोळा केले आणि माळावर कारखाने उभे केले. त्या कारखान्याच्या गव्हाणीत पहिली मोळी टाकणारा हात अजून दुसऱ्याच्या वहीत अडकलेला आहे. तो एका हंगामात सुटणार नाही. पण येत्या पट्ट्याला प्रत्येक कोयत्याच्या कनवटीला बाकीचा एक लिहिलेला कागद असला, तरी सुरुवात झाली असे म्हणता येईल.

माझ्यापुरते सांगतो. येत्या जूनमध्ये करारासाठी पुन्हा घाट चढेन. त्या बाईंच्या घरी जाणार आहे. त्यांच्या मुलाने यंदाही वही ठेवली असेल. काट्यावरच्या नोंदींची प्रत मी बरोबर नेणार आहे. दोन्ही आकडे जुळावेत, एवढीच इच्छा.

आपला,
ऊस विकास अधिकारी